मधुमेह्यांचा प्राणदाता : सर फ्रेडरिक बँटिंग

चौदा नोव्हेंबर हा दिवस आपण दरवर्षी बालदिन म्हणून मोठ्या आनंदाने साजरा करितो. पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांची ही जन्मतिथी लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पंडितजींच्या जन्मानंतर बरोबर दोन वर्षांनी, ह्याच तिथीस, कॅनडा देशातील एका शेतकऱ्याच्या घरी दुसरेही एक बालक जन्मास आले आणि पुढे त्याच्या हातून जगातील असंख्य बालकांस जीवदान मिळाले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. ह्या तिथीसच जगभर जागतिक मधुमेह दिन पाळतात, तो त्याच्याच स्मरणार्थ होय. सर फ्रेडरिक ग्रँट बँटिंग हे त्याचे नाव. मधुमेहाचे नाव न ऐकलेले घर आज आपल्या संत तुकाराम नगरात शोधूनही सापडावयाचे नाही. तेव्हा ज्या पुरुषाने ह्या व्याधीचे विष प्रथम उतरविले त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे आणि त्यांच्या आईवडिलांनीही त्याचे मनन करावे, म्हणून हा अल्प प्रयत्न केला आहे.

प्रथम त्या व्याधीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मधुमेह हा काही नवा रोग नव्हे. ज्याच्या मूत्रास मुंग्या लागतात अशा रोग्याचे वर्णन आपल्या प्राचीन वैद्यांनी करून ठेविले आहे. आपण खातो त्या भाकरीची आणि भाताची पोटात साखर होते व ती रक्तात मिसळते. ती रक्तातून शरीराच्या पेशींत शिरली म्हणजे आपणांस शक्ती लाभते. पेशींची दारे उघडणारा जो रस, त्यासच आज आपण इन्शुलिन म्हणतो. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय असते. त्यात बेटांप्रमाणे विखुरलेल्या सूक्ष्म पेशीपुंजांत हा रस तयार होतो. तो मुळीच तयार न झाला, तर शरीर साखरेत बुडालेले असूनही उपाशी मरते. हा मधुमेहाचा पहिला प्रकार असून तो बहुधा लहान मुलांस व तरुणांस गाठतो. रस तयार होतो, पण पुरेसा पडत नाही किंवा त्याचा प्रभाव पडत नाही, हा दुसरा प्रकार. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत आढळतो तो बहुतेक हाच.

१९२० सालापर्यंत ह्या व्याधीवर पथ्यावाचून अन्य उपाय नव्हता. मुलास पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला की वैद्य त्याचे अन्न तोडीत. दिवसाकाठी थोडीशी भाजी, एखादे अंडे एवढ्यावर त्या मुलास ठेवावयाचे आणि त्याचा मृत्यू काही महिने लांबवावयाचा, ह्यापलीकडे मोठमोठ्या डॉक्टरांच्याही हाती काही नव्हते. मूल डोळ्यांदेखत हाडांचा सापळा होत असे, आणि भुकेने रडणाऱ्या त्या लेकरास घासभर अन्न नाकारणे हेच आईचे कर्तव्य होऊन बसे. आपल्या महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर लोकमान्य टिळकांचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. लोकमान्यांस मधुमेह होता. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे मंडालेच्या कारागृहात काढताना राजाच्या शिक्षेबरोबर देहाची ही शिक्षाही त्यांनी भोगिली आणि कडक पथ्य पाळूनच प्रकृती सांभाळिली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातील एका अप्रसिद्ध डॉक्टरास झोप येईना, आणि मधुमेहाचा इतिहास त्या पहाटेपासून पालटला.

फ्रेडरिकचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांत तो धाकटा. घर मेथॉडिस्ट पंथाचे, कष्टाळू व धर्मशील. मुलगा लाजाळू होता. शाळेतही विशेष चमकला नाही. १९१० साली तो टोरान्टो येथील व्हिक्टोरिया कॉलेजात दाखल झाला. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु पहिल्याच वर्षी तो नापास झाला. वर्गमित्र पुढे जातात आणि आपण मागे राहतो, हे दुःख कोणत्या विद्यार्थ्यास कळणार नाही? तथापि त्याने त्या अपयशाने खचून न जाता आपला ओढा कोणीकडे आहे हे शांतपणे तपासून पाहिले, आणि १९१२ साली तो वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळला. पहिले महायुद्ध पेटताच त्याने सैन्यात नाव घालण्याचा प्रयत्न केला, परंतु दृष्टी अधू म्हणून त्यास परत पाठविण्यात आले. पुढे युद्धामुळे वैद्यकाचा अभ्यासक्रम आटोपता घेण्यात आला व १९१६ च्या डिसेंबरात पदवी हाती पडताच तो सैन्याच्या वैद्यकीय पथकात रुजू झाला. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील कांब्रे गावाजवळच्या रणांगणावर तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला. स्वतः जखमी असताही हा तरुण कित्येक तास इतर घायाळ सैनिकांच्या जखमा बांधीत राहिला. ह्या शौर्याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्ध संपले आणि पदकधारी वीर पोटापाण्याच्या चिंतेत पडला. टोरान्टोच्या बालरुग्णालयात त्याने शस्त्रक्रियेचा अनुभव घेतला, परंतु तेथे कायमची जागा मिळाली नाही. १९२० च्या जुलैत त्याने ऑन्टॅरिओतीलच लंडन नावाच्या शहरी स्वतःचा दवाखाना थाटला. दारावर पाटी लागली. परंतु रोगी काही येईनात. सबंध पहिल्या महिन्याची प्राप्ती झाली अवघी चार डॉलर! रिकाम्या दवाखान्यात बसून कंटाळलेल्या ह्या डॉक्टराने तेथील विद्यापीठात विद्यार्थ्यांस शिकविण्याचे थोडेसे काम पत्करिले. ह्या क्षुल्लक भासणाऱ्या नोकरीतूनच पुढील सर्व गोष्टी घडल्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस शरीरातील साखरेच्या व्यवहारावर त्यास पाठ द्यावयाचा होता. तयारीसाठी वाचीत असता एका वैद्यकीय मासिकातील लेख त्याच्या दृष्टीस पडला. स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाली तर त्याचा पाचकरस करणारा भाग झिजून जातो, मात्र ती सूक्ष्म बेटे शाबूत राहतात, असे त्यात वर्णिले होते. १८८९ सालीच मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग ह्या दोन जर्मन संशोधकांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकिले असता त्यास मधुमेह होतो, हे दाखवून दिले होते. तेव्हापासून अनेकांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून पाहिला होता, पण खात्रीचे यश कोणासही आले नव्हते. बँटिंगच्या मनात आले की, पाचकरसच आतील मौल्यवान रसाचा नाश करीत असावा. मग नलिका दोऱ्याने बांधून तो भाग आधी झिजू दिला आणि नंतर उरलेल्या बेटांचा अर्क काढिला तर? रात्री दोनच्या सुमारास उठून त्याने हा विचार आपल्या वहीत चार ओळींत टिपून ठेविला. त्या टिपणात मधुमेह ह्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगदेखील चुकले होते.

पुढच्याच आठवड्यात तो टोरान्टो विद्यापीठातील शरीरशास्त्राचे नामांकित प्राध्यापक मॅक्लिऑड ह्यांस भेटला. प्राध्यापकांस ह्या तरुणाचे ज्ञान तोकडे वाटले, आणि खरोखर ते तोकडेच होते. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती एक जुनी प्रयोगशाळा, काही कुत्री आणि एक मदतनीस एवढे साहाय्य देण्याचे त्यांनी कबूल केले. मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी तयार होते. कोणी आधी जावे ह्यासाठी त्यांनी नाणे उडविले आणि कौल चार्ल्स बेस्ट ह्या तरुणास मिळाला. १७ मे १९२१ रोजी कामास प्रारंभ झाला. थोड्याच दिवसांत मॅक्लिऑड आपल्या मायदेशी स्कॉटलंडला गेले आणि हे दोघे एकटे उरले. उन्हाळा भयंकर कडक. माडीवरची खोली तापून भट्टी झालेली. बँटिंगला पगार नाही. पहिल्या शस्त्रक्रिया फसलेल्या. कित्येक कुत्री दगावलेली. परंतु जुलैच्या अखेरीस मधुमेही केलेल्या एका कुत्र्यास त्यांनी आपला अर्क टोचिला आणि त्याच्या रक्तातील साखर उतरू लागली. हिवाळ्यात मार्जोरी नावाची एक कुत्री ह्या अर्काच्या आधारावर सुमारे सत्तर दिवस जगली. ज्या मुक्या जीवांच्या बलिदानाने मनुष्यजातीस हे औषध लाभले, त्यांचे ऋण आपण विसरता कामा नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या कल्पनेने बँटिंगची झोप उडविली, ती पुढे अनावश्यक ठरली. नलिका बांधून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याचे काही कारण नव्हते. खाटीकखान्यातून आणिलेल्या जनावराच्या ताज्या स्वादुपिंडापासूनही मद्यार्काच्या साहाय्याने तोच रस काढिता येतो, हे प्रयोगांतीच कळून आले. म्हणजे वाट काहीशी चुकीची, परंतु चालणारा थांबला नाही म्हणून मुक्कामास पोहोचला. जो प्रयोग करितो त्यासच आपल्या कल्पनेतील खरे काय व खोटे काय ते समजते.

तो अर्क मनुष्यास देण्याइतका शुद्ध नव्हता. १९२१ च्या डिसेंबरात जेम्स कॉलिप हा निष्णात रसायनशास्त्रज्ञ त्यांस येऊन मिळाला. टोरान्टो येथील सार्वजनिक रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मृत्यूच्या दारी पडला होता. त्याचे वजन होते अवघे पासष्ट पौंड, म्हणजे सुमारे एकोणतीस किलो. ११ जानेवारी १९२२ रोजी त्यास पहिले इंजेक्शन दिले. परंतु गुण बेताचाच आला आणि टोचल्या जागी गळू झाले. कॉलिपने रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध करण्याची रीत शोधिली. २३ जानेवारीस त्या शुद्ध अर्काचे इंजेक्शन देताच चोवीस तासांत मुलाच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० पर्यंत उतरली. मुलगा उठून बसला, बोलू लागला. त्याच्या अंगी पुन्हा बळ आले. तो पुढे तेरा वर्षे जगला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ह्यूज ह्यांची कन्या एलिझाबेथ ही बँटिंगकडे आली. पंधरावे वर्ष संपत आलेल्या त्या मुलीचे वजन केवळ पंचेचाळीस पौंड उरले होते. तीच मुलगी पुढे पदवीधर झाली, संसारास लागली, तीन मुलांची आई झाली आणि १९८१ साली त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. उपासमारीवाचून ज्या मुलांस दुसरे औषध नव्हते त्यांच्या पुढ्यात आता वाढलेले ताट आले!

थोर पुरुषांचे चरित्र सांगताना त्यांचे दोष झाकावे असे काहींस वाटते. परंतु तसे केल्याने चरित्र खोटे होते. बँटिंगचा स्वभाव तापट व संशयी होता. मॅक्लिऑड आपले श्रेय बळकावतील ह्या भीतीने तो सदैव अस्वस्थ असे, आणि कॉलिपशी त्याचा वाद तर एकदा हातघाईवर आला असे सांगतात. १९२३ साली नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड ह्या दोघांस विभागून जाहीर झाले, तेव्हा बेस्टचे नाव वगळले म्हणून बँटिंग संतापला. परंतु त्याने संतापातच वेळ न दवडता आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला देऊन टाकिली. मॅक्लिऑड ह्यांनीही आपल्या वाट्यातील निम्मी रक्कम कॉलिपला दिली. चौघांची मने पुरती जुळली नाहीत, हे खरे. पण कल्पना व चिकाटी बँटिंगची, हिशेबी प्रयोग बेस्टचे, शास्त्रीय मार्गदर्शन मॅक्लिऑडचे आणि शुद्धीकरण कॉलिपचे, असे चार हात लागल्यावाचून हे औषध जन्मास आले नसते, हेही तितकेच खरे. बँटिंग तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. वैद्यकाचे नोबेल त्याच्याहून लहान वयात आजवर कोणासही मिळालेले नाही.

आता ह्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट सांगावयाची. इन्शुलिनच्या स्वामित्वहक्कातून हे शोधक कुबेर होऊ शकले असते. परंतु जीव वाचविणाऱ्या औषधावर डॉक्टराने आपले नाव घालून पैसा मिळवावा, हे बँटिंगला त्याच्या व्यवसायाच्या शपथेशी विसंगत वाटले. अखेर बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्या तिघांनी आपला हक्क १९२३ साली प्रत्येकी केवळ एक डॉलर घेऊन टोरान्टो विद्यापीठाच्या स्वाधीन केला. हक्क घेतला तो एवढ्यासाठीच की, दुसऱ्या कोणी तो बळकावून औषध दुर्मिळ करू नये आणि हलका माल विकला जाऊ नये. ज्याच्या दवाखान्याची पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर होती, त्याने जगाचे भांडार एका डॉलरला देऊन टाकिले!

पुढील आयुष्यात मानसन्मान पुष्कळ आले. कॅनडा सरकारने तहहयात वर्षासन दिले. १९३४ साली सर हा किताब मिळाला. कर्करोगावर, तसेच खाणीतील धुळीने जडणाऱ्या फुप्फुसांच्या विकारावर त्याने संशोधन केले. परंतु इन्शुलिनसारखे यश पुन्हा लाभले नाही. विरंगुळा म्हणून तो चित्रे काढी. त्यासाठी उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशापर्यंतही प्रवास करी. दुसरे महायुद्ध सुरू होताच तो पुन्हा देशाच्या सेवेस हजर झाला आणि वैमानिकांच्या आरोग्यावरील संशोधनात त्याने लक्ष घातले. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडला जात असता त्याचे विमान न्यू फाउंडलंड बेटावर कोसळले आणि २१ तारखेस त्याचा अंत झाला. वय अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते.

शोधकर्ता गेला, पण शोध वाढतच राहिला. पहिली साठ वर्षे हे औषध गाई व डुकरे ह्यांच्या स्वादुपिंडापासून काढीत असत. १९८२ पासून जंतूंच्या पेशींत मानवी इन्शुलिन तयार करून ते रोग्यांस मिळू लागले. दिवसभर पुरणारी इन्शुलिने निघाली. आठवड्यातून एकदाच टोचावयाचे इन्शुलिनही २०२४ साली काही देशांत मान्य झाले. दंडावर चिकटविलेले छोटेसे यंत्र रक्तातील साखरेचा अंदाज मिनिटामिनिटाला सांगू लागले. पहिल्या प्रकारचा मधुमेह पुढे ढकलणारे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. मूलपेशींपासून बनविलेल्या बेटपेशी रोग्याच्या शरीरात सोडण्याच्या प्रयोगाची फलश्रुती २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यातील बारा रोग्यांपैकी दहांस वर्षअखेर इन्शुलिन टोचावे लागले नाही. मात्र त्यांस प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, म्हणून हा उपाय अद्याप सर्वांसाठी नव्हे. ज्या बेटांचा अर्क बँटिंगने काढिला, ती पुन्हा वसविण्याचा हा उद्योग आहे.

आपल्या पुण्याचाही ह्या संशोधनात मोठा वाटा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची बालके ह्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो; परंतु आपली बाळे दिसावयास बारीक असली तरी त्यांच्या अंगी चरबी मात्र मानाने अधिक, असे त्यांस आढळून आले. मातेच्या पोटात झालेली आबाळ पुढे मोठेपणी मधुमेहास आमंत्रण देते, असा ह्याचा आशय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लक्ष आहेत, आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्या व्याधीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. कारखान्याची पाळी सांभाळताना जेवणझोपेचा ताळमेळ गमावणाऱ्या आपल्या पिंपरी-चिंचवडकरांनी हे आकडे विशेष मनावर घेण्यासारखे आहेत.

यास्तव पालकांस नम्र विनंती आहे. इन्शुलिन हे जीवनदान आहे, परंतु ते रोगाचे निर्मूलन नव्हे. ज्यास ते दिले आहे त्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कदापि बंद करू नये. गंडेदोरे व बाजारी चूर्णे ह्यांच्या नादी लागून पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाची सुई तोडणे म्हणजे त्यास १९२० सालात परत लोटणे होय. मुलास वारंवार तहान लागणे, वरचेवर लघवी होणे, खाऊनही वजन घटणे ही चिन्हे दिसताच रक्त तपासून घेण्यास दिरंगाई करू नये. आपल्या संत तुकाराम नगरातच महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे; तेथवर जाण्यास आपणांस समुद्र ओलांडावे लागत नाहीत. वर्गातील एखादा मित्र मधल्या सुट्टीत सुई घेत असेल, तर विद्यार्थ्यांनी त्याची थट्टा न करिता त्यास धीर द्यावा. तो दुबळा नसून दररोज आपल्या हाताने आपला प्राण राखणारा वीर आहे.

विद्यार्थी मित्रहो, पहिल्या वर्षी नापास झालेला, दृष्टी अधू म्हणून नाकारला गेलेला, रोग्यांवाचून रिकाम्या दवाखान्यात बसलेला हा मनुष्य बुद्धीने असामान्य होता असे कोणीही म्हणत नाही. परंतु हाती घेतलेले काम त्याने अर्ध्यावर टाकिले नाही, आणि जे हाती आले ते स्वतःपाशी दडवून ठेविले नाही. ह्या दोन गोष्टींस गुणपत्रिकेत रकाना नसतो. तथापि आजही जगात कित्येक गरिबांच्या मुलांस इन्शुलिन परवडत नाही, म्हणजे एका डॉलरला दिलेले ते दान अजून सर्वांच्या दारी पोहोचलेले नाही. ते पोहोचविण्याचे काम तुमच्या पिढीचे आहे. आज आमच्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणी डॉक्टर, कोणी रसायनशास्त्रज्ञ, कोणी औषधांच्या कारखान्यातील कारागीर होईल. त्या वेळी बँटिंगच्या ह्या अपुऱ्या राहिलेल्या कामाची आठवण त्यांनी अवश्य ठेवावी.